मुळ्याच्या पानापासून वंशवृक्षापर्यंत : करवतमाशीचा मायटोजीनोम वाचायला शिकताना

थंडी पडली की सासवडच्या बाजूला मुळ्याच्या आणि मोहरीच्या वाफ्यांत काही पानं चाळणीसारखी दिसू लागतात. असं एखादं पान उलटून बघा. काळपट हिरवी, सुरकुतलेली, बोटाच्या पेराहून लहान अळी दिसेल. धक्का लागला की ती अंगाची गुंडाळी करून खाली पडते. भिंग काढा आणि तिचे पाय मोजा. फुलपाखरांच्या नि पतंगांच्या अळ्यांना पोटाखाली मांसल पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतात. हिला आठ आहेत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेकच साधा डोळा आहे. पतंगाच्या अळीला तिथे बहुधा सहा-सहा असतात. ही पतंगाची अळी नव्हेच. मधमाशी, मुंगी, गांधीलमाशी ज्या गणात येतात त्याच गणातली ही करवतमाशी.

आपल्याकडे मोहरीवर्गीय पिकांवर दिसते ती बहुधा अथॅलिया लुगेन्स प्रॉक्सिमा. प्रौढ माशी नारिंगी-पिवळी, पंख धुरकट. मादीच्या पोटाच्या टोकाला दातेरी पात्यांचा अवयव असतो. त्याने ती पानाच्या कडेला चीर पाडते आणि आत अंडं ठेवते. नाव पडलं ते त्या करवतीवरून.

एमएस्सीला नुकत्याच आलेल्या, किंवा नोकरी सांभाळून कीटक पाहणाऱ्या ज्या कोणाला या माशीचं नातंगोतं डीएनएवरून शोधायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी पुण्यात मुलांना हे काम शिकवते, आणि पहिल्या दिवशी जे सांगते तेच इथे सांगते. संगणकावरचा भाग महिना-दोन महिन्यांत हातात बसतो. सगळा डोलारा ज्याच्यावर उभा राहतो ते काम मात्र शेतात, बाटलीत आणि चिठ्ठीवर होतं. तिथे कमी पडलात तर पुढचा कुठलाही प्रोग्रॅम ते भरून काढत नाही.

आधी प्रश्न नीट समजून घ्या

सदाशिव पेठेतला एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. घराण्यातली एक शाखा मुंबईला गेली, तिथे वाढली, फोफावली, तिने नवं आडनाव लावलं. मागे राहिलेल्या सगळ्यांना लोक 'वाड्यातले' म्हणू लागले. आता वाड्यातल्यांचा एकमेकांशी संबंध आहेच. पण वाड्यातला सगळ्यात धाकटा काका हा मुंबईवाल्यांच्या मूळ पुरुषाचा सख्खा भाऊ आहे. वाड्यातल्या थोरल्या चुलत्यांपेक्षा तो मुंबईवाल्यांना जवळचा. 'वाड्यातले' हा राहण्याचा पत्ता झाला, वंशाची शाखा नव्हे.

करवतमाशांचं नेमकं असंच आहे. त्यांना एकत्र 'सिम्फायटा' म्हणतात. आठ हजारांहून जास्त जाती, त्यांतल्या बहुसंख्य टेन्थ्रेडिनिडी या एकाच कुलातल्या. खूण म्हणजे कंबर नसणं: गांधीलमाशीसारखी चिमटलेली कंबर यांना नसते, छाती आणि पोट सरळ जोडलेलं असतं. कंबरवाल्या सगळ्यांचा, म्हणजे मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या, परजीवी माश्या यांचा गट म्हणजे 'अपोक्रिटा'. ही मुंबईची शाखा. आणि वाड्यातला धाकटा काका म्हणजे ओरुसिडी हे लहानसं कुल. त्याच्या अळ्या झाडाचं पान खात नाहीत, लाकडात राहणाऱ्या इतर कीटकांवर जगतात. दुसऱ्या कीटकाच्या जिवावर वाढण्याची रीत ओरुसिडी आणि अपोक्रिटा यांच्या सामाईक पूर्वजात एकदाच आली, असं आज मानलं जातं. पान खाणाऱ्या माशीपासून परजीवी माशीपर्यंतची ही वाट कशी चालली गेली, हे समजायला करवतमाशांच्या फांद्यांचा क्रम माहीत असावा लागतो. मला हा विषय लागला तो यामुळे.

तुमच्या पहिल्या कामासाठी एवढा मोठा प्रश्न घेऊ नका. आपल्या वाफ्यातली अथॅलियाच घ्या. ही प्रजाती वर्षानुवर्षं टेन्थ्रेडिनिडीत ठेवलेली होती. २०२२ मध्ये तिच्यासाठी अथॅलिइडी हे स्वतंत्र कुल मानावं, अशी मांडणी झाली. पुण्याजवळ मिळालेल्या माशीचा मायटोजीनोम (पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा स्वतःचा डीएनए) काढून, जगातल्या इतर करवतमाशांच्या उपलब्ध जीनोमांबरोबर ठेवून, ती कुठे बसते हे तपासणं हा एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातला, खरा आणि उपयोगी प्रश्न आहे.

(शब्दांबद्दल एक खुलासा. मी 'जाती' आणि 'प्रजाती' हे शब्द मराठी विश्वकोशातल्या अर्थाने वापरते: प्रजाती म्हणजे अथॅलिया, जाती म्हणजे अथॅलिया लुगेन्स. वर्तमानपत्रांत याच्या उलट वापर दिसतो, त्यामुळे गोंधळ होतो.)

मायटोजीनोमच का

शाळेत जिला तंतुकणिका म्हणायला शिकलो, त्या मायटोकाँड्रियाला स्वतःचा छोटा, गोल डीएनए असतो. कीटकांत तो साधारण १५ ते १७ हजार अक्षरांचा; अक्षरं म्हणजे डीएनएचे ए, टी, जी, सी हे चार घटक. त्यात ३७ जनुकं: प्रथिनं बनवणारी १३, प्रथिनं जुळवणाऱ्या यंत्रणेतल्या टीआरएनएची २२ आणि आरआरएनएची २. शिवाय एक नियंत्रक पट्टा, जिथे ए आणि टी या अक्षरांची नुसती रेलचेल असते. एका पेशीत केंद्रकीय डीएनएच्या दोन प्रती, तर याच्या शेकडो. त्यामुळे एका माशीच्या छातीतल्या थोड्याशा स्नायूतूनही तो पूर्ण मिळतो, आणि खर्च आवाक्यात राहतो.

फळमाशीच्या ड्रोसोफिला याकुबा या जातीचा मायटोजीनोम १९८५ मध्ये आला, मधमाशीचा १९९३ मध्ये. मधमाशीचा १६,३४३ अक्षरांचा आहे. करवतमाशीची पाळी २००५ मध्ये आली, ऑस्ट्रेलियातल्या पर्गा कॉन्डेई या जातीची. त्यानंतर, विशेषतः चीन आणि तुर्कस्तानातल्या गटांनी, बरीच भर घातली आहे.

करवतमाशांना हा मायटोजीनोम मानवतो, याला एक कारण आहे. कंबरवाल्या भावंडांत जनुकांचा क्रम फार वेळा उलटापालटा झालेला असतो आणि अक्षरंही भराभर बदललेली असतात. करवतमाशांत दोन्ही गोष्टी तुलनेने शांत आहेत. क्रम बदलतो तो मुख्यतः नियंत्रक पट्ट्याच्या शेजारच्या टीआरएनएंत.

एक मर्यादा मात्र आत्ताच मनावर कोरून घ्या. ही ३७ जनुकं एकाच गोल धाग्यावर आहेत आणि आईकडून एकत्र येतात. ते ३७ साक्षीदार नव्हेत. एकाच साक्षीदाराची ती ३७ वाक्यं आहेत.

पायरी १ : प्रयोगशाळेशिवाय एक झाड, म्हणजे वंशवृक्ष, काढून बघा

एकही माशी पकडण्याआधी हे करा. जेनबँक या डीएनए-ओळींच्या सार्वजनिक साठ्यात करवतमाशांचे संपूर्ण मायटोजीनोम फुकट मिळतात. त्यातले पंधरा-वीस उतरवा: झायेलिडी, पॅम्फिलिडी, आर्जिडी, पर्जिडी, सिम्बिसिडी, डिप्रिओनिडी, टेन्थ्रेडिनिडी, सेफिडी, सिरिसिडी यांतले एक-दोन, ओरुसिडीतलं जे मिळेल ते, आणि एक-दोन कंबरवाले. बाह्यगट (तुलनेसाठी घेतलेले, या गणाबाहेरचे कीटक) म्हणून जाळीपंखी कीटकांतले दोन-तीन घ्या. संपूर्ण रूपांतर होणाऱ्या कीटकांत करवतमाश्यांचा गण सगळ्यांत आधी वेगळा झाला असं आज दिसतं, त्यामुळे बाह्यगट म्हणून इतर कुठलाही गण चालेल; पण ज्याची अक्षरं सावकाश बदलतात असा निवडणं शहाणपणाचं.

प्रत्येक नोंद उघडून वाचा. नमुना कुठून आला, कोणी ओळखला, नोंद पडताळलेली आहे का. एकच नमुना दोन क्रमांकांनी आलेला असू शकतो. मग पायरी ६ पासून पुढचं सगळं या डेटावर करा. झाड वेडंवाकडं आलं तरी चालेल. स्वतःचा डेटा येईपर्यंत हात बसलेला असेल.

पायरी २ : परवानगी

शेतात जायचं तर शेतकऱ्याला विचारून, आणि काय करणार ते समजेल अशा भाषेत सांगून. टेकड्या, घाट, ताम्हिणीकडचं जंगल इथे वनखात्याची लेखी परवानगी लागते; अभयारण्यात तर वन्यजीव कायद्याची बंधनं आणखी कडक. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नमुने किंवा डीएनए परदेशी पाठवायचा असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया पाळावी लागते. मार्गदर्शकाला विचारा, कागद आधी करा.

पायरी ३ : माशी, बाटली, चिठ्ठी

इथे मी वेळ घालवणार आहे.

हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मुळा, मोहरी, नवलकोल, कोबी, फ्लॉवर बघा. सकाळी ऊन चढण्याआधी माश्या सुस्त असतात, तेव्हा हातजाळीने सहज मिळतात. पिवळ्या थाळीत पाणी आणि साबणाचे दोन थेंब घालून वाफ्याच्या कडेला ठेवली तरी येतात. तशा थाळ्या तुळशीबागेत स्वस्तात मिळतात. गुलाबाच्या वाफ्यांकडेही लक्ष ठेवा. आर्जिडी कुलातल्या करवतमाशा गुलाबावर येतात, आणि तुलनेसाठी दुसऱ्या कुलातला नमुना घरच्या घरी मिळून जातो.

अळ्या मिळाल्या तर त्यातल्या निम्म्या वाढवा. प्लॅस्टिकच्या डब्यात चार बोटं ओलसर माती, वर रोज ताजं पान, झाकणाला मलमलचं कापड. अळी मातीत शिरून कोष करते. प्रौढ बाहेर आली की एक दिवस थांबा, तिचा रंग पक्का होऊ द्या. अळी कुठल्या झाडावर होती आणि तिची माशी कोणती निघाली, ही जोडी हातात असणं फार मोलाचं. ओळखीचे बहुतेक तक्ते प्रौढ माशीवरच चालतात, आणि त्यातही मादीच्या करवतीच्या दातांवर.

नमुना शुद्ध इथेनॉलमध्ये, ९५ टक्क्यांच्या वर. हे अबकारी खात्याच्या परवान्यावर मिळतं, म्हणून संस्थेमार्फतच घ्या. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणीही असतं आणि ग्लिसरीनही. एका बाटलीत नमुने कमी, द्रव जास्त. दुसऱ्या दिवशी द्रव बदला, कारण माशीच्या अंगातलं पाणी उतरून तो पातळ झालेला असतो. मग बाटली उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये.

चिठ्ठी बाटलीच्या आत हवी, आणि पेन्सिलीने लिहिलेली. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते. माझी एका पूर्ण हिवाळ्याची बाटल्यांची पेटी अशी निळसर पाण्यात कोऱ्या चिठ्ठ्यांची झाली होती. त्यातल्या एकाही माशीचा पुढे उपयोग झाला नाही. चिठ्ठीवर गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, झाड, पकडणाऱ्याचं नाव आणि एक क्रमांक. हा क्रमांक पुढे डीएनएच्या नळीवर, संगणकातल्या फाइलवर, वंशवृक्षाच्या फांदीवर, सगळीकडे तोच राहिला पाहिजे.

आता ओळख. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे, शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाचा कीटकशास्त्र विभाग आहे. तिथल्या जाणकारांना आधी पत्र लिहून, वेळ घेऊन भेटा. नमुना स्वच्छ करून, चिठ्ठीसह, फोटोंसह न्या. एकदा गराडे गावाजवळ एका शेतकरीदादांनी मला विचारलं, "ताई, नाव कळून आम्हाला काय मिळणार?" मी म्हटलं, "दादा, ही पतंगाची अळी नाही एवढं कळलं तरी औषध निवडताना फरक पडतो." बॅसिलस थुरिंजेन्सिसची अळ्यांसाठी विकली जाणारी नेहमीची औषधं पतंगांच्या अळ्यांसाठी बनवलेली असतात, करवतमाशीवर त्यांचा भरवसा धरता येत नाही. दादांनी पुढच्या आठवड्यात स्वतःहून अळ्यांचा डबा भरून ठेवला होता.

पायरी ४ : डीएनए काढणं

माशीच्या उडण्याच्या स्नायूंत मायटोकाँड्रिया ठासून भरलेले असतात. म्हणून छातीचा स्नायू सगळ्यात चांगला. माशी लहान असेल तर एका बाजूचे तिन्ही पाय. दुसरी बाजू, डोकं, पंख आणि करवत यांना हात लावू नका. उरलेला देह हाच तुमचा पुरावा. पुढे कोणी म्हणालं की ही जात वेगळी आहे, तर त्याला दाखवायला हे शरीर लागेल. प्रोटिनेज के घातलेल्या द्रावात ५६ अंशांवर रात्रभर ठेवून, शरीर न फोडता डीएनए काढण्याचीही पद्धत आहे. एकच नमुना हाती असेल तर तीच वापरा.

अळीपासून डीएनए काढायचा असेल तर तिला एक दिवस उपाशी ठेवा आणि आतडं काढून टाका. मी सुरुवातीला एक अळी तशीच वापरली. डेटा आला तेव्हा त्यातून मुळ्याच्या हरितलवकाचा दीड लाखाच्या आसपास अक्षरांचा जीनोम सुरेख जुळून आला, आणि माशीचे तुकडे शोधावे लागले.

कॉलमचं किट वापरा, नवख्या हाताला ते सोपं जातं. मोजमाप क्यूबिट या डीएनए मोजणाऱ्या यंत्रावर करा आणि जेलवर एकदा डीएनए तुटला आहे का बघा.

पूर्ण जीनोमला पैसे घालण्याआधी बारकोड (जात ओळखायला वापरतात तो डीएनएचा ठरावीक तुकडा) करून घ्या. सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा, १९९४ पासून जगभर वापरले जाणारे फोल्मर प्रायमर, साधं सँगर वाचन (एकेक तुकड्याचं सीक्वेन्सिंग). बोल्ड या बारकोडांच्या साठ्याशी आणि जेनबँकेशी ताडून पाहा. उत्तर माशीऐवजी जिवाणूचं किंवा माणसाचं आलं तर इथेच थांबता येतं.

पायरी ५ : वाचून घेणं आणि जुळवणं

वाचन बाहेरून करून घ्यावं लागतं. दोन-तीन ठिकाणांहून दरपत्रक मागवा. इल्युमिना, १५० अक्षरांच्या जोडीच्या वाचनांचा दोन-तीन अब्ज अक्षरांचा डेटा पुरतो. हिशेब साधा आहे: अथॅलियाचा केंद्रकीय जीनोम वीस कोटी अक्षरांच्या आत आहे, म्हणजे दोन अब्जांत त्याचं प्रत्येक अक्षर दहाएक वेळा वाचलं जाईल. मायटोजीनोमच्या प्रती शेकड्यांनी असल्यामुळे त्याचं प्रत्येक अक्षर शेकडो वेळा वाचलं जातं. हा फरकच तुमचा मदतनीस आहे. कच्चा डेटा मागून घ्या आणि दोन ठिकाणी साठवा. फक्त 'तयार अहवाल' स्वीकारू नका.

फास्टपी या प्रोग्रॅमने डेटा स्वच्छ करा. मग तुकडे जुळवायला गेटऑर्गनेल किंवा नोव्होप्लास्टी. दुसऱ्याला सुरुवातीचं बीज द्यावं लागतं. तुमचा बारकोड तिथे कामी येतो. मी दोन्ही चालवते आणि उत्तरं शेजारी ठेवते. जुळली तर बरं. जुळली नाहीत तर बहुधा भांडण नियंत्रक पट्ट्यात असतं, कारण तिथे तेच तेच तुकडे पुन्हा पुन्हा येतात आणि लहान वाचनांना ते मोजता येत नाहीत. तो पट्टा अर्धवट राहिला तरी झाडासाठी अडत नाही. 'पूर्ण' असं मात्र मग लिहू नका.

नंतर सगळी वाचनं जुळवलेल्या जीनोमवर परत बसवून वाचनांची खोली, म्हणजे एकेक अक्षर किती वेळा वाचलं गेलं ते, बघा. ती सगळीकडे साधारण सारखी हवी. मध्येच एकदम खड्डा असेल तर तिथे चुकीचा सांधा आहे, किंवा केंद्रकात जाऊन पडलेली मायटोकाँड्रियाची जुनी प्रत तुम्ही उचलली आहे. अशा प्रती कीटकांत सर्रास सापडतात आणि नवख्यांना हमखास फसवतात. तिची दुसरी खूण म्हणजे प्रथिनाच्या जनुकात मधेच येणारा पूर्णविराम, म्हणजे 'प्रथिन इथे संपलं' असं सांगणारी तीन अक्षरं.

पायरी ६ : जनुकांच्या सीमा आखणं

मायटॉस या प्रोग्रॅममध्ये जीनोम टाकला की ३७ जनुकांचा पहिला आराखडा मिळतो. गॅलेक्सी या फुकट व्यासपीठावर तो चालतो. टाकताना जनुकीय संकेताच्या यादीतला क्रमांक ५ निवडा, अपृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियाचा. इथे नेहमीच्या संकेताहून अर्थ वेगळे आहेत: टीजीए म्हणजे थांबा नव्हे, ट्रिप्टोफॅन; एटीए म्हणजे मेथिओनिन; एजीए आणि एजीजी म्हणजे सेरीन. हा एक आकडा चुकला तर जनुकभर खोटे पूर्णविराम दिसतात आणि चांगला जीनोम टाकून दिला जातो.

आराखडा तसाच स्वीकारू नका. एकेक जनुक जवळच्या जातीशेजारी ठेवून तपासा. जनुकाची सुरुवात बहुधा एटी ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरांनी होते. शेवटी कधी कधी नुसतं टी किंवा टीए दिसतं. ती चूक नव्हे. आरएनए बनल्यावर शेपटीला ए जोडले जातात आणि पूर्णविराम तेव्हा पुरा होतो. टीआरएनए पानाच्या तीन दळांसारखे दुमडतात, पण सेरीनच्या दोनपैकी एका टीआरएनएचा एक बाहू कीटकांत नसतोच. तो नाही म्हणून घाबरू नका. बावीसपैकी एखादा मिळालाच नाही, तर आधी नियंत्रक पट्ट्याच्या आजूबाजूला हाताने शोधा. करवतमाशांत हलवाहलव तिथेच होते, आणि ती हलवाहलव स्वतःच नात्याचा पुरावा ठरू शकते.

पायरी ७ : ओळी जुळवणं

तेराही प्रथिन-जनुकं वेगवेगळी जुळवायची, आणि तीन-तीन अक्षरांच्या गटाला (एक गट म्हणजे एक अमिनो आम्ल) धक्का न लावता. त्यासाठी आधी अमिनो आम्लांच्या ओळी जुळवून मग अक्षरांवर परत येतात. माफ्ट आणि मॅकसे हे दोन प्रोग्रॅम पुरेसे आहेत. आरआरएनए वेगळे जुळवा आणि संशयास्पद भाग छाटा. मग सगळं एका लांब ओळीत जोडा. फायलोसूट या साधनात हे सगळं खिडक्यांतून करता येतं, आज्ञा टाइप करायच्या काळ्या पडद्याची भीती वाटणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी.

जुळवणी डोळ्यांनी बघा. पूर्ण, वरपासून खालपर्यंत. एक दुपार जाईल. एखादी जात मध्येच वीस अक्षरं सगळ्यांहून निराळी दाखवत असेल तर ती उत्क्रांती असण्याआधी चूक असण्याची शक्यता जास्त.

पायरी ८ : झाड काढणं आणि त्याच्यावर शंका घेणं

तेरा प्रथिन-जनुकं, प्रत्येकात तीनच्या गटातल्या अक्षराच्या तीन जागा, म्हणजे ३९ विभाग; आरआरएनएचे दोन वेगळे. आयक्यू-ट्रीमधला मॉडेलफाइंडर हे विभाग तपासून सारखे असतील ते एकत्र करतो आणि प्रत्येकाला योग्य प्रारूप देतो. चाळीस जातींचं काम साध्या लॅपटॉपवर होतं. सोबत मिस्टर-बेजने बेजीयन (संभाव्यतेच्या हिशेबावरचं) झाडही काढा. फांदी किती पक्की हे सांगणारे आकडे पाहा: जलद बूटस्ट्रॅप ९५ किंवा वर, एसएच-एएलआरटी ८० किंवा वर, आणि बेजीयन संभाव्यता ०.९५ च्या वर असेल तर फांदीवर विश्वास ठेवायला सुरुवात करता येते. सुरुवातच, कारण मायटोजीनोम अतिशय ठामपणे चुकू शकतो.

याचं मूळ ए आणि टी च्या भरतीत आहे. या गणातल्या मायटोजीनोमांत ही दोन अक्षरं पाऊण भागाहून जास्त असतात, बरेचदा ८० टक्क्यांच्या आसपास. दोन दूरच्या वंशांत, एकमेकांशी काहीही संबंध नसताना, ए-टी वाढलं की त्यांच्या ओळी सारख्या दिसू लागतात आणि प्रोग्रॅम त्यांना भावंडं ठरवतो. तिसऱ्या जागेवरची अक्षरं तर इतक्या वेळा बदललेली असतात की जुन्या फांद्यांबद्दलची खूण तिथे पुसून गेलेली असते. अमिनो आम्लांवर काम केलं की सुटलो असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही: ए-टी वाढलं की फेनिलॲलनिन, आयसोल्युसीन, लायसीन, ॲस्परॅजीन यांसारखी ए-टी ने लिहिली जाणारी आम्लंही वाढतात.

म्हणून एकच झाड काढून थांबू नका. मी किमान चार काढायला लावते. सगळी अक्षरं घेऊन एक. तिसरी जागा वगळून दुसरं. अक्षरांऐवजी प्युरीन (ए, जी) आणि पिरिमिडीन (सी, टी) असे दोनच वर्ग ठेवून तिसरं. आणि अमिनो आम्लांवर, फायलोबेजमधलं कॅट-जीटीआर प्रारूप वापरून चौथं. शेवटचं लॅपटॉपवर आठवडे खातं, तेव्हा विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या संगणक-समूहावर वेळ मागा. आयसर पुण्यात परम ब्रह्म हा महासंगणक आहे. तिथल्या कोणाशी तुमच्या मार्गदर्शकाचं सहकार्य असेल तर जरूर विचारा. चारही झाडांत जी फांदी टिकते तिच्याबद्दल लिहा. जी एका झाडात आहे आणि दुसऱ्यात नाही, तिच्याबद्दलही लिहा, तसंच स्पष्ट.

काय दिसायला हवं? सेफिडी, सिरिसिडी हे खोडात-लाकडात राहणारे गट पानखाऊंपेक्षा कंबरवाल्यांच्या जवळ यायला हवेत. ओरुसिडी कंबरवाल्यांना लगटून असावी. मधमाशी टेन्थ्रेडिनिडीच्या पोटात जाऊन बसली, तर लेख लिहायला घेऊ नका, जुळवणीकडे परत जा. मुळाशी झायेलिडी एकटी सुटते, की पॅम्फिलिडी आणि टेन्थ्रेडिनिडीच्या गटांबरोबर एका फांदीवर येते, याबद्दल मात्र खरोखरच मतभेद आहेत. जुन्या मांडणीत झायेलिडी सगळ्यात आधी वेगळी होते. २०१७ मध्ये १७३ जाती आणि ३,२५६ केंद्रकीय जनुकं घेऊन झालेल्या अभ्यासाने तिन्ही गट एकाच फांदीवर आणले, आणि या गणाचा उगम सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचा धरला. एवढ्या जुन्या गाठी एकट्या मायटोजीनोमने सोडवायला जाऊ नका. कुलांच्या आतली नाती, अथॅलियासारख्या प्रजातीची जागा, जनुकक्रमातले बदल, इथे तो चांगलं बोलतो.

अगदी जवळच्या जातींतही एक सापळा आहे. वोल्बाखिया नावाचा जिवाणू कीटकांत आईकडून लेकरांत जातो. तो एखाद्या समूहात पसरला की आपल्यासोबत एकाच आईचा मायटोकाँड्रिया सगळीकडे पसरवतो, कधी शेजारच्या जातीतही. सासवडची आणि जुन्नरची माशी अक्षरशः एकसारखी आली, तर त्याच कच्च्या डेटात वोल्बाखियाची जनुकं आहेत का ते शोधा आणि दोन-तीन केंद्रकीय जनुकंही वाचून घ्या.

झाड वाचताना वर-खाली याला अर्थ देऊ नका. मुळाजवळून सुटलेली करवतमाशी मधमाशीची पूर्वज नाही. दोघी आजच्या आहेत, दोघींच्या मागे तेवढीच वर्षं आहेत.

पायरी ९ : नोंद

जीनोम जेनबँकेत द्या, किंवा फरीदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात. २०२२ पासून ते खुलं आहे. कच्ची वाचनंही द्या, नुसती तयार ओळ नको. माशीचा उरलेला देह टाचणीवर, करवत वेगळ्या काचपट्टीवर, दोन्हींना तोच क्रमांक, आणि हे सगळं आकुर्डीसारख्या ठिकाणी कायमच्या संग्रहात. संग्रहाचा नोंदणी क्रमांक मिळाला की तो जेनबँकेच्या नोंदीत भरा. शिल्लक डीएनएची नळी फ्रीझरमध्ये ठेवा, आणि कुठल्या कप्प्यात, कितव्या खणात, ते वहीत लिहा. तुमच्यानंतर येणारी मुलगी ती नळी शोधणार आहे.